रुपेरी पडद्यावरील चाचा

शाळेच्या स्नेहसंमेलनात किंवा धर्मग्रामाच्या बालमेळाव्यात वेशभूषेची स्पर्धा असली की राजे, संत, शेतकरी आणि पोलीस यांच्या रांगेत एक तरी समुद्री चाचा उभा असतोच. डोक्याला गच्च बांधलेला रुमाल, एका डोळ्यावर काळी पट्टी, कमरेला आईच्या ओढणीचा लाल शेला, खांद्यावर कागदाचा पोपट आणि हाती पुठ्ठ्याची तलवार. हा पोशाख त्याला कोणी शिकवला, असे विचारले तर पालकांना नेमके सांगता येत नाही. ज्यांचे आजे-पणजे शिडाच्या गलबतावर तांडेल होते, त्यांच्या घरातील मुलालाही चाचा म्हटला की दूरच्या कॅरिबियन समुद्रावरील गोरा दर्यावर्दीच आठवतो. त्याची ती घशातून काढलेली 'आर्‌र्‌र' अशी घोगरी गुरगुरसुद्धा ठरलेली. प्रत्यक्षात कोणीही न पाहिलेला हा माणूस आपल्या मनात इतका स्पष्ट कसा उमटला, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. आमचे उत्तर थोडक्यात असे : हा चाचा चित्रपटगृहातून आपल्या घरी आला, आणि त्याला घडविणारे नट बोटांवर मोजण्याइतके आहेत. त्यांनी आपल्याला काय दिले आणि आपल्यापासून काय झाकून ठेवले, हे दोन्ही पाहणे अगत्याचे आहे.

चित्रपटाच्या आधी दोन माणसांनी या घराचा पाया घातला होता. पहिले स्कॉटिश लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन. त्यांची 'ट्रेझर आयलंड' ही कादंबरी १८८१-८२ मध्ये मुलांच्या एका साप्ताहिकातून क्रमशः आली आणि १८८३ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. खुणेचा नकाशा, पुरलेला खजिना, एक पाय गमावलेला खलाशी, त्याच्या खांद्यावरचा बोलका पोपट ही सारी सामग्री एकत्र बांधून वाचकांच्या हाती दिली ती या पुस्तकाने. दुसरे अमेरिकन चित्रकार हॉवर्ड पाइल. चाच्यांचा प्रत्यक्ष पोशाख कसा होता याची विश्वासार्ह चित्रे फारच थोडी. तेव्हा पाइल यांनी आपल्या कल्पनेने रुमाल, शेले, कानातील बाळ्या असा थाट रंगविला. त्यांच्या मृत्यूनंतर १९२१ मध्ये ही चित्रे एका ग्रंथात एकत्र आली. त्यांचेच शिष्य एन. सी. वाइथ यांनी १९११ मध्ये 'ट्रेझर आयलंड'साठी चित्रे काढली. शब्द स्टीव्हन्सन यांचे, पोशाख पाइल यांचा. त्या पोशाखात शरीर घालण्याचे काम मात्र अजून बाकी होते.

ते काम डग्लस फेअरबँक्स यांनी केले. १९२६ चा 'द ब्लॅक पायरेट' हा मूकपट. दोन रंगांच्या टेक्निकलर पद्धतीने तो चित्रित झाला होता. कृष्णधवल चित्रांच्या त्या काळात रंगीत समुद्र आणि रंगीत शिडे पाहण्याचे नावीन्य केवढे असेल याची आज कल्पनाच करावी. या चित्रपटातील एक प्रसंग आजही दाखविला जातो : नायक उंच शिडात सुरी खुपसतो आणि ती सुरी शिड फाडीत खाली येत असताना तिला धरून स्वतःही अलगद खाली उतरतो. असे शिड फाटेल का, हात टिकेल का, हे प्रश्न त्या क्षणी कोणालाच पडत नाहीत. मूकपटात नटाला वाणी नसते. त्याचे चारित्र्य त्याच्या चालीत आणि उडीत असते. फेअरबँक्स यांनी चाच्याला कसरतपटूचे अंग दिले आणि त्या अंगाबरोबर एक निरागसपणाही दिला. जो इतक्या डौलाने उडी मारतो तो दुष्ट असेल असे मनाला पटत नाही. शिवाय पटकथेनेही सोय केली आहेच : हा चाचा मुळात सरदारपुत्र असून पित्याच्या मृत्यूचा सूड घेण्यासाठी लुटारूंत मिसळलेला आहे. १९५२ मध्ये बर्ट लँकॅस्टर यांनी 'द क्रिमझन पायरेट' या चित्रपटात हाच वारसा पुढे नेला. ते तर चित्रपटात येण्यापूर्वी खरोखरच सर्कशीत काम करीत असत.

देहानंतर आली सदसद्विवेकबुद्धी, आणि ती दिली एरॉल फ्लिन यांनी. राफाएल सबातिनी यांच्या १९२२ च्या कादंबरीवर मायकेल कर्टिझ यांनी १९३५ मध्ये 'कॅप्टन ब्लड' हा चित्रपट काढला. पीटर ब्लड हा आयरिश वैद्य. १६८५ च्या मॉन्मथच्या बंडातील एका जखमी माणसावर तो उपचार करतो आणि त्या अपराधाबद्दल न्यायाधीश जेफ्रीज त्याला शिक्षा फर्मावतो. गुलाम म्हणून त्याला जमैकात विकले जाते. तेथून निसटून तो चाचा बनतो. तस्मानियात जन्मलेले फ्लिन तेव्हा जवळजवळ अपरिचित होते. या एका भूमिकेने त्यांचे नाव झाले. त्यांच्या अभिनयात खोली फार नाही, पण एक दुर्मीळ गुण आहे : अन्याय झालेल्या माणसाचा ताठ कणा ते सहजपणे उभा करतात. आजाऱ्याची सेवा केल्याबद्दल ज्याला शिक्षा होते, त्याचे पुढील सर्व गुन्हे प्रेक्षक आधीच माफ करून बसतो. येथे आमची पहिली हरकत आहे. ब्लड लूट करतो खरा, परंतु त्याच्या हातून ज्याचे नुकसान झाले असा एकही सामान्य माणूस कॅमेरा आपल्याला जवळून दाखवीत नाही. शत्रू म्हणजे क्रूर मळेवाला, उन्मत्त सुभेदार किंवा दुसरा अधिक वाईट चाचा. नायकाचे पाप धुण्याची ही युक्ती पुढे शेकडो चित्रपटांनी वापरली, आणि केवळ चाच्यांच्याच चित्रपटांनी वापरली असे नव्हे, हे आपल्या हिंदी चित्रपटांतील दिलदार डाकू पाहिलेल्या वाचकांना वेगळे सांगावयास नको.

आता उरला आवाज. बोलपट आल्यानंतर १९३४ मध्ये 'ट्रेझर आयलंड' पडद्यावर आला, तेव्हा लाँग जॉन सिल्व्हरची भूमिका वॉलेस बिअरी यांनी केली. त्यांचा सिल्व्हर लबाड आणि गोडबोल्या आहे, पण बोलतो अमेरिकन धाटणीने. त्याच चित्रपटात लायोनेल बॅरिमोर यांनी बिली बोन्सच्या भूमिकेत थोडी गुरगुर करून पाहिली. परंतु साऱ्या जगाच्या कानात बसलेला आवाज आला तो १९५० मध्ये, रॉबर्ट न्यूटन यांच्या मुखातून. वॉल्ट डिस्ने यांच्या कंपनीची काही कमाई युद्धोत्तर काळात ब्रिटनमध्ये अडकून पडली होती. ती तेथेच खर्च करावयाची म्हणून हा चित्रपट इंग्लंडात तयार झाला. व्यंगचित्रांचा आधार न घेता केवळ जिवंत नटांवर उभा केलेला डिस्ने यांचा हा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट. दिग्दर्शक बायरन हॅस्किन. जिम हॉकिन्स या मुलाच्या भूमिकेत बॉबी ड्रिस्कॉल.

न्यूटन १९०५ मध्ये डॉर्सेट परगण्यात जन्मले आणि कॉर्नवॉलमध्ये वाढले. वडील नामांकित निसर्गचित्रकार होते. युद्धकाळात न्यूटन यांनी ब्रिटिश नौदलात नोकरीही केली होती. इंग्लंडच्या या नैर्ऋत्य टोकाची बोली त्यांच्या ओळखीची होती. लंडनच्या प्रतिष्ठित इंग्रजीत स्वरानंतरचा 'र' जवळजवळ गिळला जातो. नैर्ऋत्येकडे तो जिभेवर घोळवून ठसक्यात उच्चारतात. न्यूटन यांनी हा गावाकडचा 'र' उचलला, त्याला ताणले, फुगवले आणि सिल्व्हरच्या तोंडी घातले. निवड अगदी निराधार नव्हती. कादंबरीतील सिल्व्हरची खाणावळ ब्रिस्टल बंदरात आहे आणि त्या भागातून असंख्य खलाशी समुद्रावर जात. मात्र खऱ्या चाच्यांच्या जहाजावर इंग्रज, वेल्श, आयरिश, फ्रेंच, डच, आफ्रिकन अशी सरमिसळ असे. त्यांची एकच बोली असणे शक्यच नव्हते. कल्पना करा, एखाद्या थोर नटाने आपल्या वसईकडील सामवेदी किंवा वाडवळी बोलीचा हेल एका भूमिकेसाठी घेतला आणि पुढे पन्नास-पाऊणशे वर्षे साऱ्या जगाने तो हेल म्हणजेच लुटारूंची भाषा असे धरून चालले, तर! इंग्लंडच्या त्या साध्या शेतकरी-कोळी मुलखाच्या बोलीचे नेमके असे झाले आहे.

तरीही १९५० च्या चित्रपटातील न्यूटन यांचा अभिनय हा पहिल्या प्रतीचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यांच्यावर अतिरेकी अभिनयाचा आरोप नेहमी होतो. डोळे गरगर फिरतात, एक भुवई वर जाते, मान तिरकी होते, शब्द लांबतात. हे सर्व खरे. पण हा अतिरेक नटाचा की सिल्व्हरचा, हे नीट पाहावे. सिल्व्हर हा स्वतःच अट्टल नट आहे. उमरावापुढे तो नम्र सेवक असतो, खलाशांपुढे पुढारी आणि पोरक्या जिमपुढे पित्यासमान वडीलधारा. तीन माणसांसमोर तीन मुखवटे. न्यूटन हे तिन्ही मुखवटे इतके रंगवून दाखवतात की मुखवटा गळून पडल्यावर जी शांतता येते ती अंगावर येते. सफरचंदांच्या पिंपात दडलेला जिम बंडाचा कट ऐकतो, तो प्रसंग आठवावा. ज्या आवाजाने त्याला मघाशी माया दिली होती तोच आवाज आता खून ठरवीत असतो. आवाज बदललेला नाही, आणि भीती नेमकी तेथेच आहे. मुलांना फसविणारी माणसे कर्कश आवाजात बोलत नाहीत, हे सत्य या प्रसंगाइतक्या सोप्या रीतीने क्वचितच सांगितले गेले असेल.

चित्रपटाचा शेवटही पाहण्याजोगा आहे. सिल्व्हर होडीतून पळू पाहतो. जिमच्या हाती सुकाणू असते आणि तो होडी वाळूत रुतवतो. सिल्व्हर पिस्तूल रोखतो, परंतु त्याला गोळी झाडवत नाही. मग तोच मुलगा पाण्यात उतरून होडी ढकलू लागतो. कादंबरीत असे नाही. तेथे सिल्व्हर जिमच्या नकळत नाण्यांची एक पिशवी घेऊन नाहीसा होतो आणि जिमच्या मनात त्याच्याविषयी ओढ व किळस दोन्ही उरतात. चित्रपटाने शेवट मवाळ केला, हे खरे. पण न्यूटन यांनी तो मवाळपणा फुकट घेतलेला नाही. पिस्तूल खाली येताना त्यांच्या चेहऱ्यावर जी लाज दिसते ती एका खुनी माणसाला प्रथमच स्वतःची ओळख पटल्याची लाज आहे. पापी मनुष्य पूर्णपणे सुधारला असे येथे कोणी म्हणत नाही. त्याच्या हातून एक वाईट कृत्य घडता घडता राहिले, एवढेच. आमच्या दृष्टीने ते पुरेसे आणि प्रामाणिक आहे.

दुर्दैव असे की जगाने न्यूटन यांच्याकडून ही लाज घेतली नाही. घेतली ती गुरगुर. १९५२ मध्ये त्यांनीच 'ब्लॅकबिअर्ड द पायरेट' या चित्रपटात तीच गुरगुर दुप्पट केली. एडवर्ड टीच ऊर्फ ब्लॅकबिअर्ड हा खरा चाचा २२ नोव्हेंबर १७१८ रोजी उत्तर कॅरोलिनाच्या किनाऱ्याजवळ लेफ्टनंट मेनार्डच्या तुकडीशी लढताना मारला गेला. चित्रपटात मात्र त्याला गळ्यापर्यंत वाळूत पुरून भरतीच्या पाण्यात बुडविले आहे. असो; इतिहासाशी प्रतारणा हा नाट्यात नेहमीच अक्षम्य दोष असतो असे नाही. दोष हा की येथे मुखवट्यामागे माणूसच उरलेला नाही. १९५४ मध्ये ऑस्ट्रेलियात 'लाँग जॉन सिल्व्हर' हा चित्रपट आणि पाठोपाठ २६ भागांची दूरदर्शन मालिका झाली. तेथे सिल्व्हर जवळजवळ लाडका काका झाला आहे. रमचा पेला, डुलती चाल, बरळणे आणि हशा, अशी त्याची ठरीव मांडणी पक्की झाली. न्यूटन यांचे स्वतःचे आयुष्य दारूने पोखरले होते. मार्च १९५६ मध्ये, वयाच्या अवघ्या पन्नासाव्या वर्षी, हृदयविकाराने ते वारले. ज्या चाळ्यांना प्रेक्षक हसत होते त्यांची किंमत पडद्यामागे एक गुणी माणूस मोजत होता. घरातील दारुड्याचे बोलणे ज्यांनी ऐकले आहे त्यांना या हशात फार काळ सामील होता येत नाही.

नक्कल मात्र वाढतच गेली. १९९५ मध्ये अमेरिकेतील दोघा मित्रांनी १९ सप्टेंबर हा 'चाच्यासारखे बोलण्याचा दिवस' म्हणून गमतीने ठरविला आणि पुढे तो जगभर पसरला. त्या दिवशी लोक ज्या चाच्यासारखे बोलतात तो न्यूटन यांचा सिल्व्हर होय. गोष्टीला गोष्ट मानून हसण्यास आमची मुळीच हरकत नाही. परंतु त्या हशाखाली खरा इतिहास किती गाडला गेला, हेही एकदा उकरून पाहू.

१७२४ मध्ये लंडनमध्ये कॅप्टन चार्ल्स जॉन्सन या नावाने चाच्यांच्या चरित्रांचा एक ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात बार्थोलोम्यू रॉबर्ट्स या वेल्श चाच्याच्या जहाजावरील नियम दिले आहेत. प्रत्येकाला मताचा अधिकार, पैसे लावून जुगार खेळण्यास बंदी, रात्री आठला दिवे मालवणे, अवयव गमावणाऱ्यास ८०० नाण्यांची भरपाई, इतकेच नव्हे तर वाजंत्र्यांना साप्ताहिक विश्रांतीच्या पवित्र दिवशी सुटी! व्यापारी आणि आरमारी जहाजांवर चाबकाचे फटके खाणाऱ्या खलाशाला ही व्यवस्था स्वर्गासारखी वाटली असल्यास नवल नाही. पण हाच ग्रंथ सांगतो की १७२२ च्या जानेवारीत पश्चिम आफ्रिकेच्या व्हायडा बंदरात रॉबर्ट्सच्या माणसांनी खंडणी न मिळाल्याने एक जहाज पेटविले, आणि त्यात सुमारे ८० आफ्रिकन गुलाम साखळदंडांनी जखडलेले होते. पुढच्याच महिन्यात रॉबर्ट्स लढाईत पडला व त्याच्या ५२ साथीदारांना केप कोस्टच्या किल्ल्यावर फाशी झाले. पडद्यावरील चाच्याकडे ना ती मतपेटी आहे, ना तो साखळदंडांचा खणखणाट. जे गौरवाचे होते तेही गेले आणि जे भयंकर होते तेही गेले. उरला पोपट.

या विस्मृतीचे एक उदाहरण तर आपल्या किनाऱ्याशी निगडित आहे. सप्टेंबर १६९५ मध्ये मक्केहून यात्रेकरूंना घेऊन सुरतेकडे परतणारे औरंगजेब बादशहाचे 'गंज-इ-सवाई' हे मोठे जहाज हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने गाठले आणि लुटले. इतिहासकार खाफी खानाने लिहून ठेवले आहे की लुटारूंनी कित्येक दिवस जहाजावर राहून प्रवाशांचे हाल केले, स्त्रियांची विटंबना केली, आणि अब्रू राखण्यासाठी काही स्त्रियांनी समुद्रात उड्या घेतल्या, तर काहींनी स्वतःवर खंजीर चालविले. बादशहाच्या रोषाने सुरतेच्या वखारीतील इंग्रज कैदेत पडले. एव्हरीचे काही साथीदार पकडले जाऊन १६९६ मध्ये लंडनमध्ये फासावर गेले. तो स्वतः कधीच सापडला नाही.

आता १९५२ चा 'अगेन्स्ट ऑल फ्लॅग्ज' पाहा. नायक पुन्हा एरॉल फ्लिन, सोबत मॉरीन ओ'हारा आणि अँथनी क्विन. कथा सुमारे १७०० मधील, मादागास्करच्या चाच्यांची. त्यात मोगल बादशहाचे जहाज लुटले जाते. त्या जहाजावर बादशहाची कन्या असते. पण ती नायकाच्या चुंबनावर भुललेली बालिश राजकुमारी म्हणून, विनोदासाठी! ज्या समुद्रात स्त्रियांनी प्राण दिले त्या समुद्रावर हा प्रेमळ खेळ मांडला आहे. पटकथाकारांना गंज-इ-सवाईची आठवण होती की नव्हती, हा प्रश्न गौण. फ्लिन यांचे ते प्रसन्न, निष्पाप हास्य एकदा चाच्याच्या मुखावर चिकटवले की त्याच्या बळींना हसण्यावाचून दुसरी भूमिकाच उरत नाही. अभिनयाचे सामर्थ्य असे दुधारी असते.

दुसरे उदाहरण आंग्र्यांचे. कान्होजी आंग्रे हे मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल. आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांनी त्यांचे दस्तक घ्यावे, अन्यथा जहाज जप्त होईल, असा त्यांचा दंडक होता. पोर्तुगीज तर त्याआधी दोनशे वर्षे आपल्या कार्ताझ नावाच्या परवान्याने हेच करीत आले होते. पण इंग्रजांच्या कागदपत्रांत आंग्रे मात्र चाचे ठरले. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यावर स्वारी केली आणि ती फसली. तेव्हा वसई प्रांतावर पोर्तुगीजांचा अंमल होता, म्हणजे तेथील आपले पूर्वज त्या लढाईत आंग्र्यांच्या विरुद्ध बाजूच्या छत्राखाली राहत होते. म्हणूनच हा वाद आपण केवळ अभिमानाने सोडवू शकत नाही. २००७ च्या 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन : ॲट वर्ल्ड्स एंड' या चित्रपटात हिंदी महासागराचा चाचेसम्राट म्हणून 'श्री संभाजी आंग्रिया' नावाचे पात्र येते. मार्शल मनेश या इराणी वंशाच्या अमेरिकन नटाने ते केले आहे. कान्होजींच्या पुत्राचे नाव असलेल्या या पात्राला फेटा आणि दाढी आहे, व्यक्तिमत्त्व नाही. शत्रूच्या दप्तरातील शिवी तीनशे वर्षांनी वेशभूषा होऊन परत आली. संत ऑगस्टीन यांनी 'देवाचे नगर' या ग्रंथाच्या चौथ्या खंडात एका पकडलेल्या चाच्याची गोष्ट सांगितली आहे. अलेक्झांडर सम्राटापुढे उभा असलेला तो चाचा म्हणतो की, त्याच्यापाशी लहानसे गलबत आहे म्हणून तो लुटारू, आणि सम्राटापाशी आरमार आहे म्हणून तो सम्राट. न्याय वजा केला तर राज्य आणि लुटारूंची टोळी यांत काय उरते, असा ऑगस्टीन यांचा प्रश्न आहे. तो इंग्रजांना लागू आहे, पोर्तुगीजांना आहे आणि सरखेलांनाही आहे. ज्या गरीब व्यापाऱ्याचा माल गेला त्याला परवान्यावरील मोहर कोणाची, याने फारसा फरक पडत नव्हता.

याच चित्रपटमालेचा २००३ चा पहिला भाग अभिनयाच्या दृष्टीने वेगळा विचार मागतो. जॉनी डेप यांनी जॅक स्पॅरो उभा करताना न्यूटन यांचा रस्ता सोडला. कीथ रिचर्ड्स या रॉक गायक-वादकाची ढब त्यांनी घेतली आणि हा चाचा लुटारू कमी, लहरी कलावंत अधिक झाला. उलट जेफ्री रश यांच्या बार्बोसाच्या तोंडी न्यूटन यांचा तोच 'र' अर्धशतकानंतर स्पष्ट ऐकू येतो. दोघेही कसलेले नट. पण ही सारी दुनिया शापित खजिन्याची आणि भुतांची आहे. मृत्यूच नसलेल्या जगात पापाला वजन राहत नाही. डेप यांचा स्पॅरो आपल्याला हसवतो, कोठेही लाजवीत नाही, आणि न्यूटन यांच्याहून तो येथेच उणा ठरतो.

मग २०१३ मध्ये 'कॅप्टन फिलिप्स' आला. एप्रिल २००९ मध्ये सोमालियाच्या किनाऱ्याजवळ 'मर्स्क अलाबामा' या जहाजावर झालेल्या हल्ल्याची ही कथा. टॉम हँक्स कप्तानाच्या भूमिकेत. चाच्यांचा म्होरक्या मूसे याच्या भूमिकेत बर्खाद अब्दी. मोगादिशूत जन्मलेल्या, पुढे अमेरिकेत स्थायिक झालेल्या अब्दी यांनी त्यापूर्वी चित्रपटात काम केले नव्हते. त्यांच्या चाच्याला रुमाल नाही, शेला नाही, पोपट नाही. हाडाची काडे झालेला, पायात धड पादत्राण नसलेला, धन्याच्या धाकाने समुद्रावर आलेला हा तरुण. तो भयंकर आहे आणि केविलवाणाही. त्याच्या बंदुकीपुढे उभ्या असलेल्या माणसाची भीतीही तितकीच खरी दाखविली आहे. फ्लिन यांच्या चित्रपटांत जो बळी कॅमेऱ्याबाहेर राहिला, तो येथे चित्राच्या मध्यभागी आला.

आपल्या समाजाला हा चित्रपट परका नाही. मुंबई, वसई आणि गोव्यातील कितीतरी घरांतील कर्ते पुरुष मालवाहू जहाजांवर नोकरीला आहेत. सप्टेंबर २०१० मध्ये सोमाली चाच्यांनी 'अस्फाल्ट व्हेंचर' हे जहाज पकडले. खंडणी मिळाल्यावर २०११ मध्ये जहाज सोडले, पण सात भारतीय खलाशांना ओलीस ठेवून घेतले. त्यांची सुटका ऑक्टोबर २०१४ मध्ये झाली. चार वर्षे! त्या काळात त्यांच्या घरी चाचा हा शब्द कोणत्या आवाजात उच्चारला जात असेल? तेथे 'आर्‌र्‌र' नव्हते. होती ती दूरध्वनीची वाट.

तेव्हा जुने चित्रपट मुलांना दाखवू नयेत काय? आमचे मत अगदी उलट आहे. फेअरबँक्स यांची उडी, फ्लिन यांचा ताठ कणा, न्यूटन यांची वाणी हा कलेचा ठेवा आहे आणि सुटीच्या दिवशी घरच्यांनी एकत्र बसून तो अवश्य पाहावा. फक्त चित्रपट संपल्यावर मुलांना एक प्रश्न विचारावा : त्या जहाजावर आणखी कोण होते? ज्याचा माल गेला तो व्यापारी, तळघरात जखडलेला गुलाम, तीर्थयात्रेहून घरी निघालेली बाई, किनाऱ्यावर वाट पाहणारी आई. ज्या चित्रपटात या प्रश्नाला उत्तर सापडते तो मोठा; ज्यात सापडत नाही तो करमणूक म्हणून ठीक.

या कसोटीवर १९५० चा सिल्व्हर आजही उतरतो, कारण त्याच्या जहाजावर जिम आहे. फसवला गेलेला, घाबरलेला, तरीही माया न सोडलेला एक मुलगा सर्व काळ त्याच्याकडे पाहत असतो, आणि त्या डोळ्यांतून आपणही पाहतो. अखेरीस तो होडी ढकलतो ती सिल्व्हरचे गुन्हे विसरून नव्हे. पिंपात बसून त्याने ते सर्व स्वतःच्या कानांनी ऐकलेले असतात. गुन्हा पुरता ठाऊक असूनही दाखविलेल्या दयेलाच क्षमा हे नाव शोभते. पोपट आणि पट्टी यांच्या गर्दीत रॉबर्ट न्यूटन यांची ही देणगी हरवू नये, एवढेच आमचे सांगणे आहे.